कंबोडिया : ‘शांत’ राज्याची अशांत नव्वद वर्षे

अंगकोर वाटचे मंदिर जंगलात हरवले होते आणि आंरी मूओ या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाने १८६० मध्ये ते शोधून काढले, ही गोष्ट आजही प्रवासवर्णनांत भेटते. ती खरी नाही. तिथला बौद्ध भिक्खूंचा राबता कधी थांबलाच नव्हता. १६३२ मध्ये आलेल्या एका जपानी यात्रेकरूने खांबावर शाईने लिहिलेला मजकूर तिथे आहे. एक धागा तर थेट गोव्यापर्यंत येतो. आंतोनियो दा मादालेना हा पोर्तुगीज धर्मगुरू १५८६ मध्ये अंगकोर पाहून आला आणि त्याच्याकडून कळलेले वर्णन गोव्याच्या पोर्तुगीज दप्तराचा प्रमुख, इतिहासकार दियोगो दो कोउतो याने लिहून ठेवले. मूओच्या आधी पावणेतीनशे वर्षे! ते छापून आले मात्र १९५८ मध्ये.

हरवलेले वैभव आम्ही परत मिळवून दिले, हे सांगणे फ्रेंच राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. पण याच फ्रान्सने १८६७ मध्ये सयामशी करार करून अंगकोरसह बट्टंबांग आणि सिएम रीप हे प्रांत सयामचेच असल्याचे मान्य केले होते. ते कंबोडियाला परत मिळाले १९०७ मध्ये.

दुसरा समज असा की, फ्रान्सने हे राज्य लढाईत जिंकले. तसेही घडले नाही. एका बाजूला सयाम, दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, अशा कात्रीत सापडलेल्या राजा नरोदमने ११ ऑगस्ट १८६३ रोजी उडोंग या तेव्हाच्या राजधानीत फ्रान्सचे संरक्षण स्वीकारले. त्याचे वडील आंग डुओंग यांनीही त्याआधी नेपोलियन तिसऱ्याकडे संधान बांधून पाहिले होते. राज्य वाचवण्याची ही धडपड होती.

संरक्षण म्हणजे काय, हे कळायला वीस वर्षे लागली. १७ जून १८८४ च्या रात्री सायगावहून आलेला गव्हर्नर शार्ल थॉमसन राजवाड्यात शिरला. नदीत फ्रेंच गनबोटी उभ्या होत्या. त्याने समोर ठेवलेल्या करारात लिहिले होते की, फ्रेंच सरकारला यापुढे ज्या सुधारणा उपयुक्त वाटतील, त्या साऱ्या राजाला मान्य असतील. नरोदमला सही करावी लागली. प्रांतोप्रांतीच्या कारभारावर फ्रेंच रेसिडेंट येऊन बसणार होते. पेशवाईची अखेर वाचलेल्या मराठी माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. त्याच करारात गुलामगिरी रद्द करण्याचे कलमही होते, आणि फ्रेंच लेखनात पुढे आले ते मुख्यतः तेच.

तरीही ‘कंबोडियाची प्रजा मवाळ, तिने निमूट सोसले’ हा समज टिकून आहे, आणि तोच सर्वांत अन्यायकारक आहे. जानेवारी १८८५ मध्ये उठाव पेटला. राजाचा सावत्र भाऊ सी वोथा त्यात पुढे होता. फ्रेंच फौजेला दीड वर्षाहून अधिक काळ तो आवरेना. शेवटी फ्रेंचांना नरोदमलाच लोकांना शांत करायची विनंती करावी लागली आणि अनेक सुधारणा लांबणीवर पडल्या. १९१६ मध्ये कर आणि वेठबिगारीने पिचलेले हजारो शेतकरी पायी फ्नोम पेन्हला आले. त्यांना फ्रेंच कचेरीवर विश्वास नव्हता. गाऱ्हाणे राजा सिसोवाथच्याच कानावर घालायचे होते.

१८ एप्रिल १९२५ रोजी क्रांग लेआव गावात थकलेला कर वसूल करायला गेलेला रेसिडेंट फेलिक्स बार्डेझ याने कर न भरलेल्यांना बेड्या घातल्या आणि तुरुंगाची धमकी दिली. जमाव भडकला, बार्डेझ, त्याचा दुभाषा आणि एक शिपाई तिथेच मारले गेले. त्यानंतर शाही फर्मानाने गावाचे नावच बदलण्यात आले. नवे नाव होते ‘देरछान’, म्हणजे पशू. क्रांग लेआवच्या माणसांनी त्याच नावाखाली दिवस काढले. कंबोडिया स्वतंत्र झाला ९ नोव्हेंबर १९५३ रोजी.