आजऱ्याहून आणलेली पद्मिनी

गाडी आणायला गेलो तेव्हा तिची मागची दोन्ही चाकं जाम होती. आजऱ्याच्या एका शेडमध्ये ती चौदा पावसाळे उभी होती, आणि आजऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना याहून जास्त काही सांगायला नको. शेवटच्या फेरीनंतर कुणीतरी शिस्तीनं हँडब्रेक ओढून ठेवला होता. त्या शिस्तीपायी ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटून बसले होते. ड्रमच्या कडेनं गोल गोल ठोकत राहिल्यावर दीड तासानं डावं चाक सुटलं. उजवं सुटलंच नाही. तसंच फरफटत, फळ्यांवरून, सहा जणांनी गाडी टेम्पोत चढवली.

१९७६ सालची प्रीमियर पद्मिनी. मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मेकॅनिकी कधी केली नव्हती. कोल्हापुरात दोन गॅरेजवाल्यांनी येऊन गाडी पाहिली. दोघांचंही म्हणणं एकच पडलं: इंजिन जाम आहे, दुसरं मिळालं तर बसवा, नाहीतर भंगारात द्या. त्यांचं चुकत नव्हतं. गॅरेजवाल्याला एकेका बोल्टपाशी चार दिवस बसून भागत नाही. त्याच्या दारात दुसऱ्या तीन गाड्या उभ्या असतात. माझ्यापाशी घरापुढची पत्र्याची शेड होती, आणि निवृत्तीनंतरचा वेळ होता. हौशी माणसाकडे कारागिरापेक्षा जास्त असतं ते एवढंच, वेळ. पुढच्या दोन वर्षांत मी तोच खर्च केला.

जाम इंजिन म्हणजे काय, ते आधी सांगते. सिलेंडर बिडाचा, त्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनवर बिडाच्याच रिंगा. गाडी चालत असते तोवर दोन्हींच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की तो थर हळूहळू खाली निथळतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच, त्यातून दमट हवा आत शिरते, आणि रिंग व सिलेंडर गंजानं एकमेकांना धरून बसतात. जोर लावून फिरवायला गेलं तर रिंग तरी तुटते, नाहीतर पिस्टनची कड.

म्हणून जोर लावायचाच नाही असं ठरवलं. चारही स्पार्क प्लग काढले आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून ओतलं. रोज सकाळी चहाआधी थोडी भर घालायची, मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागून हलकेच पुढेमागे करायची. उजवं चाक तोवर मोकळं झालं होतं. टॉप गिअरमध्ये चाकांचा रेटा क्रँकपर्यंत पोचतो, पण सौम्यपणे पोचतो. पहिला आठवडा भिंत ढकलल्यासारखं वाटलं. दुसरा आठवडाही तसाच गेला. एकोणिसाव्या दिवशी गाडी बोटभर पुढे सरकली आणि पुढून, बॉनेटखालून, चर्र असा आवाज आला. पंख्याचं पातं हललं होतं. मी शेजारच्या घरात जाऊन सांगून आले. काय झालंय ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी चहा केला.

हेड काढल्यावर आतलं चित्र दिसलं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन वेगळे धातू, मध्ये रेडिएटरचं पाणी: ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. हेड आणि ब्लॉक घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरबाहेरच्यांना हे नाव सांगावं लागतं. ऑइल इंजिनं, पंप, बिडाची ओतकामं यांवर पिढ्या वाढल्या अशी ही वसाहत. इथल्या लेथवाल्याला धातूचा तुकडा हातात घेऊनच बरंच काही समजतं. ज्यांच्याकडे काम टाकलं त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मामांनी सिलेंडरमध्ये गेज घातला, वर मोजलं, खाली मोजलं, आडवं मोजलं, आणि म्हणाले, "मॅडम, हिची झीज फार न्हाई. गाडी पळून म्हातारी हुत न्हाई, नुसती उभारून हुती."

मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक ७५ चा; चार सिलेंडर मिळून १०८९ सीसी. गंजाचे खड्डे जाईपर्यंत बोअर ०.४ मिलिमीटरनं वाढवावा लागला. हेडच्या कुरतडलेल्या कडा वेल्डिंगनं भरून पुन्हा सपाट केल्या. व्हॉल्व्ह मात्र मी घरीच घासले. बारीक पेस्ट लावून, रवी फिरवावी तशी लाकडी काठी दोन्ही तळव्यांत फिरवत, सीटवर सगळीकडून सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. आठ व्हॉल्व्हना तीन दुपारी लागल्या. सगळ्या कामात मला सर्वांत समाधान देणाऱ्या दुपारी त्याच.

सुट्या भागांसाठी मुंबईला दोनदा जावं लागलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी हातमिळवणी करून ११०० ही गाडी तिथं बनू लागली. तिच्या सुरुवातीच्या रूपाला लोक आजही डुक्कर फियाट म्हणतात. पुढे सत्तरच्या दशकात फियाट हे नाव जाऊन प्रीमियर आलं आणि मग पद्मिनी. जिथं ती बनली त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या दुकानांत, मी तिचे किंगपिन आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम शोधत फिरत होते. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर हा माल सहज हलत असे. शेवटच्या टॅक्सीची ताडदेव आरटीओत नोंद झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून गेली. आता दुकानदार माळ्यावर चढून खोकी उतरवतात आणि धूळ झटकून देतात. उरलेल्या वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाल्या. दरवाजाचं एक हँडल तर दुसऱ्याच रंगाच्या गाडीचं आहे, ते तसंच ठेवलंय.

पत्र्याचं काम सर्वांत जिवावर आलं. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चॅसिस असते, वरची बॉडी गंजली तरी गाडी उभी राहते. पद्मिनीचं तसं नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दरवाज्याखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो पोकळ पट्टा जातो, त्यावर सगळी गाडी पेलली जाते. वरून पाहता तो धडधाकट होता, रंगही चकचकीत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं वाजवत गेले तर एका जागी आवाज बद्द आला. टोक लावलं, ते आत गेलं. आधी कुणीतरी गंजलेल्या भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून लांबी भरली होती, घासून, रंगवून दिली होती. बोळा उलगडला तर सिनेमाच्या जाहिराती होत्या. लांबीनं पत्र्याला आकार येतो, ताकद येत नाही. हे काम ज्यानं केलं त्याला ते ठाऊक असणारच, आणि त्या गाडीत माणसं बसणार आहेत हेही. एवढ्या एका गोष्टीचा मला मनापासून राग आला.

गंजलेला पत्रा चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा, नवा वाकवून वेल्ड करायचा. वेल्डिंगला डेंटर घरी बोलावला. त्याआधी दरवाजे लावूनच ठेवले आणि गाडीखाली चार घोड्या दिल्या. पट्टा कापल्यावर गाडी मध्ये लवली तर दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. आतून रेड ऑक्साइड, त्यावर पातळ मेण. बाहेरचा रंग मी दिलाच नाही. तो नंतर कधीही देता येईल.

ब्रेकमध्ये माझ्या हातून चूक झाली. चाकांतले सिलेंडर उघडले, रबरी वॉशर आणि बूट चांगल्या स्थितीत वाटले, म्हणून बाकीच्या भागांबरोबर तेही रॉकेलमध्ये धुतले. दुसऱ्या दिवशी वॉशर फुगून सिलेंडरात जाईनात. ब्रेकच्या रबराला रॉकेल, पेट्रोल, ग्रीस काहीही चालत नाही. धुवायचं ते ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं. सगळी किट नवी आणली. खरं तर इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर पहिल्या दिवशीच फेकायला हवं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तेच पाणी सिलेंडर आतून गंजवतं. माझ्या गाडीला चारही चाकांना मिळून एकच लाइन आहे, म्हणजे एका चाकाशी गळती झाली तर पायाखालचा सगळा ब्रेक गेला. इथं काटकसर करायची नसते. आणखी एक: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. माझा भाचा रविवारी यायचा. तो आत बसून पेडल मारायचा, मी चाकाशी निपलवर पाना आणि पारदर्शक नळी घेऊन.

"दाब."

"दाबला, आत्या."

"धर. सोडू नको हं."

निपल उघडायचं, नळीतून बुडबुडे जातात, पेडल खाली बसतं, निपल बंद. मग, "सोड." बुडबुडे येईनासे होईपर्यंत हेच. मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि मध्येमध्ये वरच्या डबीत ऑइल घालत राहायचं. डबी कोरडी पडली की हवा पुन्हा आत आणि सगळं पहिल्यापासून. आम्ही तीन रविवार तेच केलं. तिसऱ्या रविवारी पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबलं.

शेवटी इग्निशन. माझ्यातल्या शिक्षिकेला गाडीत सर्वांत जवळचं वाटलं ते हेच. बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून जातो, चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सीबी पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतात तेव्हा तीळभर आकाराचे ते पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात, हा हिशेब मात्र शेडमध्ये बसून पहिल्यांदा केला.

टायमिंग लावायला दिवा लागतो, तोही साधा, गाडीच्या पार्किंग लाइटचा. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पॉइंट मिटलेले असतात तोवर दिवा विझलेला. पुलीवरची खूण जागेवर आणायची, मग डिस्ट्रिब्युटर केसाकेसानं फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी दिवा लागतो. तिथंच बोल्ट आवळायचा. मग प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानं. मी संध्याकाळी शेडमधला दिवा मालवून हे केलं, म्हणजे पहिली लुकलुक चुकणार नाही.

पेट्रोलची टाकी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली होती; आत जुन्या पेट्रोलची व्हार्निशसारखी साय बसली होती. हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मऊ करतं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा नुसताच फटका बसला, कार्बोरेटरमधून जाळ आला. दोन वायरी उलट्या बसल्या होत्या. बदलल्या. मग ती लागली, आधी तीन सिलेंडरवर, अडखळत, आणि थोड्या वेळानं चारही.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी २० हजार रुपये भरून वेगळ्या व्हीए मालिकेत नोंदवता येते. पण मग ती रोज वापरता येत नाही, रॅली किंवा प्रदर्शनापुरतीच बाहेर काढायची. मला ते नको. दर पाच वर्षांनी तपासणी करून घेईन, पर्यावरण कर भरीन, पण ती मंडईत नेईन. पहिल्या फेरीत ती राजारामपुरीहून रंकाळ्यापर्यंत जाऊन आली. मामा पुढच्या सीटवर होते. ते सारखं बॉनेटकडे कान लावून ऐकत होते आणि बोलले काहीच नाहीत. घरी उतरताना म्हणाले, "ताई, पाश्शे किलोमीटर झालं की ऑइल बदला." त्या दिवसापासून मॅडमची मी ताई झाले.

तुमच्या घरामागे, गावच्या गोठ्यात, एखाद्या काकांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी असेल आणि आज तिचं काही करायला तुम्हाला सवड नसेल, तर एवढं तरी करा. प्लग काढून चारही भोकांत चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि महिन्यातून एकदा इंजिन हातानं फिरवा. हँडब्रेक सोडून ठेवा, चाकांना विटा लावा.