दादा, पिकाचं विचारता तसं स्वतःचंही विचारा



आजच्या मेसेजमध्ये बाजारभाव नाही, फवारणीचा सल्लाही नाही. पण पाच मिनिटं काढून शेवटपर्यंत वाचा.

कपाशीची पानं लाल पडली की आपण लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि काय करू म्हणून विचारतो. त्यात कोणाला लाज वाटत नाही. पण आपल्यालाच पंधरा-पंधरा दिवस झोप लागत नाही, घास गोड लागत नाही, तेव्हा कोणाला विचारतो का? पुरुष माणूस तर नाहीच. "घरचा कर्ता मी, मीच रडलो तर कसं?" म्हणत आतल्या आत कुढतो.

*आकडा बघा:* राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. त्यात ४,९९९ पुरुष होते. (जमीन नावावर नसल्याने कित्येक बायांची नोंद शेतकरी म्हणून होत नाही, हेही खरं.) कारण एकच नसतं. नापिकी, कर्ज, आजारपण, घरातले वाद, दारू असं एकावर एक साठत जातं.

*पुरुषांत ही लक्षणं दिसली तर सावध व्हा:*
▪️ झोप उडणे, बारीकसारीक गोष्टीवर चिडणे
▪️ पिणं अचानक वाढणे
▪️ शेताकडे, माणसांकडे पाठ फिरवणे
▪️ "मी नसलो तर तुमचं बरं होईल" असं बोलणे
▪️ अचानक निरवानिरव करणे

*स्टेटसला किंवा ग्रुपवर असं काही दिसलं तर:*
१) हसण्यावारी नेऊ नका. स्क्रीनशॉट फिरवू नका.
२) लगेच फोन लावा. उचलला नाही तर शेजाऱ्याला पाठवा, स्वतः जा.
३) सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतोय का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस मोकळा होतो.
४) ऐकून घ्या. "माझ्यावर तर तुझ्या दुप्पट कर्ज आहे" असलं सांगू नका.
५) एकटं सोडू नका. जीव धोक्यात असेल तर रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२.

*औषधं कुलपात ठेवा:* टोकाचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी विष नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी झालं. म्हणून लागेल तेवढंच औषध आणा, ते घरात ठेवू नका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

*बोलायचं कोणाशी?* 📞 *टेलि-मानस १४४१६.* ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास चालू असते. भाषा निवडा, मराठीत बोला. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर मानसोपचार तज्ज्ञांना जोडून देतात. स्वतःसाठी नको वाटत असेल तर भावासाठी, मित्रासाठी म्हणून फोन करा, तेही चालतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो.

*"लोक वेडा म्हणतील" ही भीती सोडा.* बीपीला गोळी घेतो तशीच ही गोळी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच आपल्या मनाने बंद करू नका. आणि कोणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या धाकाने लपवू नका, आधी दवाखाना गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

कर्जाचा ताण असेल तर बँकेचे कागद घेऊन ऑफिसला या. पुनर्गठनाचा अर्ज कसा करायचा ते बसून बघू. चारचौघांत सांगायची गरज नाही.

*आज एवढंच करा:* बरेच दिवस गप्प असलेल्या एका सभासदाला फोन लावा. पिकाचं नंतर विचारा. आधी विचारा, "तू कसा आहेस?"

१४४१६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा आणि मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा.

🌱 आपली शेतकरी उत्पादक कंपनी