चरबी काढण्याची शस्त्रक्रिया : दुखते किती, सावरायला दिवस किती?

दवाखान्यात अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. पूर्वी तो पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनाच कोणी विचारीत असे. आता आपल्या पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावीही तो येऊन पोहोचला आहे. "डॉक्टर, पोटाची चरबी मशीनने ओढून काढतात म्हणे. पूर्ण भूलही देत नाहीत. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. खरंच दुखत नाही का हो?" विचारणाऱ्यांत बाळंतपणानंतर पोट सुटलेल्या भगिनी असतात, लग्न ठरलेल्या मुली असतात. सर्वांत जास्त संकोचाने विचारतात ते भरतीची तयारी करणारे तरुण. त्यांच्या छातीला मुलींसारखा उभार आलेला असतो आणि वैद्यकीय तपासणीत शर्ट काढावा लागेल, या धास्तीने ते रात्र-रात्र झोपत नाहीत.

मी स्वतः ही शस्त्रक्रिया करीत नाही. परंतु शस्त्रक्रिया शहरात झाली, तरी रुग्ण परत येतो तो गावातच. दुसऱ्या दिवशीचा ठणका, तिसऱ्या दिवशीची सूज आणि मध्यरात्रीचा ताप घेऊन तो आमच्याच दारात उभा राहतो. म्हणून या विषयाची नीट माहिती वाचकांना असावी, असे वाटते.

लायपोसक्शन म्हणजे काय?

त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. त्वचेला अगदी लहान छेद घेऊन त्यातून एक पोकळ नळी आत घालतात. तिला कॅन्युला म्हणतात. ही नळी पुढे-मागे फिरवून चरबी सुटी करतात आणि पंपाने शोषून घेतात. यालाच लायपोसक्शन म्हणतात.

चरबी काढण्याचे प्रयत्न जुनेच. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिये नावाच्या शल्यकाने एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. त्यानंतर बरीच वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० च्या दशकात इटलीतील फिशर आणि फ्रान्समधील इलूझ यांनी पोकळ नळीची पद्धत आणली. मात्र तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागे आणि रक्तस्रावही बराच होई.

खरा बदल झाला तो १९८५ च्या सुमारास. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी केवळ ती जागा बधिर करून चरबी काढण्याची पद्धत शोधली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली.

भूल काम कशी करते?

दात काढताना किंवा जखमेला टाके घालताना आम्ही जे औषध टोचतो, तेच लिग्नोकेन येथे वापरतात. 'झायलोकेन' या नावाने ते आपल्या परिचयाचे आहे. फरक आहे तो पातळपणाचा. दवाखान्यातील नेहमीच्या २ टक्के औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते. लायपोसक्शनच्या द्रावणात ते मिलिलिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम इतकेच असते. लिटरभर सलाईनमध्ये हे औषध, थोडे अ‍ॅड्रेनालिन आणि सोडा बायकार्बोनेट मिसळतात. अ‍ॅड्रेनालिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी जाते. सोड्यामुळे टोचतानाची आग कमी होते. हे पाणी चरबीत भरत गेले की तो भाग टरबुजासारखा टणक होतो. त्यानंतर वीस-तीस मिनिटे थांबून मगच काम सुरू करतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अ‍ॅड्रेनालिनसह नेहमी टोचताना लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. क्लाइन यांनी १९९० मध्ये आपल्या पद्धतीसाठी किलोला ३५ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली, म्हणजे त्याच माणसाला २१०० मिलिग्रॅम. पाचपट! हे चालते, कारण चरबीत रक्तपुरवठा कमी असतो आणि ठिबकचे पाणी जसे थेंबाथेंबाने मुरते, तसे हे औषध सावकाश रक्तात उतरते. पण उतरते हे नक्की. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण बारा तासांच्या पुढे-मागे सर्वांत जास्त होते. म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झाली, तर भुलीच्या औषधाचा जोर रात्री, रुग्ण घरी असताना असतो!

ओठ व जीभ बधिर होणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, कानात गुणगुण, चक्कर, बोबडे बोलणे ही औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणे. पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाची गती बिघडते. म्हणून पहिली रात्र शहरातच, रुग्णालयाच्या जवळ काढावी आणि सोबत जागणारे माणूस असावे.

दुसरे असे की, काही औषधे यकृतात लिग्नोकेनचा निचरा मंदावतात. गजकर्णासाठी महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल ही त्यांतील काही. "साधी खाजेची गोळी आहे, ती काय सांगायची!" असे म्हणू नये. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे पाकीट डॉक्टरांपुढे ठेवावे.

शस्त्रक्रिया चालू असताना

दुखत नाही असे सांगणे खरे नव्हे आणि असह्य दुखते असे सांगणेही खरे नव्हे. सुरुवातीच्या टोचण्या झोंबतात. पाणी भरताना ताण व जडपणा जाणवतो. द्रावण गार असेल तर हुडहुडी भरते. नळी फिरू लागली की आत काहीतरी ओढल्यासारखे, खरवडल्यासारखे वाटते, पण कळ नसते. जेथे चरबी तंतूंनी घट्ट बांधलेली असते, तेथे त्रास जास्त होतो. बेंबीभोवती, पाठीवर, बरगड्यांच्या काठाशी आणि पुरुषांच्या छातीत असे तंतू जास्त असतात.

मध्येच तीक्ष्ण कळ आली तर दात-ओठ खाऊन सोसू नका. ती जागा पुरेशी बधिर झालेली नाही किंवा नळी नको तेथे लागते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. रुग्ण जागा असण्याचा मोठा फायदा हाच की तो बोलू शकतो. आपल्याकडे सोसण्याला मोठेपणा देतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो मोठेपणा कामाचा नाही.

नंतरचे दिवस

पहिले काही तास भूल टिकून असल्याने रुग्ण खुशीत असतो. छेदांतून गुलाबी पाणी झिरपत राहते. अंथरूण भिजते, घरची मंडळी घाबरतात. ते बहुतांशी भरलेले द्रावणच असते आणि एक-दोन दिवसांत थांबते. घट्ट, लाल रक्त वाहू लागले, तर मात्र ताबडतोब कळवावे.

भूल उतरली की अंग ठेचून निघाल्यासारखे होते. ऊस तोडायला पहिल्यांदाच गेलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी जे होते, तसेच काहीसे. उठता-बसताना, कूस बदलताना कळ येते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. त्यानंतर दुखणे रोज थोडे थोडे उतरले पाहिजे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सहसा पुरते. अ‍ॅस्पिरिन किंवा दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

त्वचा काळीनिळी पडते, मग हिरवट, पिवळसर होत दोन आठवड्यांत निवळते. सूज पहिल्या आठवड्यात वाढलेली दिसते आणि पुढे चार ते सहा आठवडे उतरत जाते. त्या काळात वजनकाटा पाहिला तर वजन उलट वाढलेले दिसते! हाताला गाठी लागतात, जागा बधिर राहते, पुढे खाज सुटते, मुंग्या येतात. हे सारे काही आठवडे ते महिने चालते. अखेरचा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दाब देणारा घट्ट पट्टा किंवा कपडा काही आठवडे घालावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो नकोसा होतो, हेही तारीख ठरवताना लक्षात घ्यावे.

बैठे काम तीन-चार दिवसांनी जमते. शेतातील कष्टाची कामे, ओझी उचलणे, भरतीचा धावण्याचा सराव यांसाठी तीन-चार आठवडे थांबावे. पण अंथरूण धरून बसू नये. त्याच दिवसापासून घरातल्या घरात चालावे, नाहीतर पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका असतो. पुण्याहून अहिल्यानगर, जामखेडमार्गे पाटोद्यापर्यंतचा प्रवास पाय लोंबकळत ठेवून एका दमात करू नये. तासा-तासाने उतरून चालावे.

या खुणा ओळखा

एक नियम पाठ करावा : *तिसऱ्या दिवसानंतर दुखणे वाढत असेल, तर ते बरे होण्याचे दुखणे नव्हे.* पुढीलपैकी काहीही आढळल्यास रात्र काढू नये, थेट रुग्णालय गाठावे :

- एकाच पोटरीत दुखणे व सूज
- अचानक दम लागणे, छातीत कळ, घाबरे होणे, असंबद्ध बोलणे
- थंडी वाजून ताप, जखमेला वास, त्वचा काळी पडणे
- पोट टणक होणे, उलट्या, गॅस न सरणे
- लघवी कमी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी

धोका किती?

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख लायपोसक्शनचा आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. दर लाखामागे सुमारे १९ मृत्यू आढळले. सर्वांत मोठे कारण होते गुठळी फुफ्फुसात जाणे. उलट त्वचारोग शल्यकांनी २००२ साली आपल्या ६६ हजारांवर शस्त्रक्रियांचा आढावा दिला, त्यात एकही मृत्यू नव्हता. स्थानिक भूल, थोडी चरबी आणि मर्यादेतील औषध असेल, तर ही शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित आहे. एका बैठकीत पाच लिटरच्या वर चरबी काढणे, अनेक शस्त्रक्रिया एकत्र करणे, भूलतज्ज्ञाची सोय नसणे, यांनी धोका वाढतो. न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीनंतर झालेल्या पाच मृत्यूंची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली होती. आपल्याकडे मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज या २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. "किरकोळ काम आहे" हे वाक्य ऐकले की असे प्रसंग आठवावेत.

करावी की न करावी?

लायपोसक्शन हा वजन कमी करण्याचा उपाय नाही आणि मधुमेहाचा तर नाहीच. २००४ साली अमेरिकेत १५ स्थूल महिलांच्या पोटाची मोठ्या प्रमाणावर चरबी काढून पाहिली. काही आठवड्यांनी तपासले, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत काहीच सुधारणा नव्हती. रोग लावणारी चरबी आत, आतड्यांभोवती असते आणि तेथे ही नळी जात नाही. २०११ मधील दुसऱ्या अभ्यासात वर्षभरात शरीराने तेवढी चरबी पुन्हा साठवल्याचे दिसले, तीही मुख्यतः पोटावर. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटात पुष्कळदा स्नायू ढिले झालेले असतात. त्याला व्यायाम हवा, नळी नव्हे.

भरतीच्या तरुणांना वेगळे सांगतो. वयात येताना छातीला येणारा उभार बहुतेकांत दोन-एक वर्षांत आपोआप जातो. व्यायामशाळेत कोणी दिलेली 'बॉडी' बनवण्याची इंजेक्शने घेत असाल, तर आधी ती बंद करा, त्यांनीही उभार येतो. उभार टिकून राहिला, तर त्यात चरबीबरोबर ग्रंथीही असते. ती केवळ शोषून निघत नाही, कापून काढावी लागते. भरतीच्या तोंडावर घाई करू नका, सहा महिने आधी विचार करा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हेही आई-वडिलांनी मुलाला सांगावे.

करायचीच असेल, तर डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा या कामाचे प्रशिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे का, तेथे भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभागाची सोय आहे का आणि रात्री फोन कोण उचलणार, हे विचारा. तंबाखू-गुटखा काही आठवडे आधी सोडा. हिमोग्लोबिन व साखर तपासून घ्या. २०१९ साली ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे आपल्या जिल्ह्याची देशभर चर्चा झाली, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेपूर्वी "ही मला खरेच हवी आहे का?" असे विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर त्या भगिनींनी सोसले त्यातून आपण काही शिकलो, असे होईल.

सुंदर दिसावेसे वाटणे हा गुन्हा नाही. मात्र त्यासाठी उचल किंवा कर्ज घेऊ नये, घरच्यांपासून लपवून जाऊ नये आणि जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे. रात्री-अपरात्री दार वाजवाल तेव्हा काय केले आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल, तर उपचारातला अर्धा तास वाचतो. कधी कधी तेवढाच वेळ हाती असतो.