‘विम’ : अनुकरणापासून सुधारणेपर्यंत

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनास ‘संपादक’ अशी संज्ञा आहे. बिल जॉय ह्यांनी १९७६ च्या सुमारास रचलेला ‘व्हीआय’ हा असाच एक संपादक होय. नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार ह्यांना त्यासारखे साधन स्वतःच्या ‘अमिगा’ संगणकावर हवे होते. म्हणून १९८८ मध्ये त्यांनी ‘स्टीव्ही’ ह्या तत्सम संपादकाच्या आधारे फावल्या वेळात नवी रचना आरंभिली. ती १९९१ मध्ये लोकांपुढे आली. ‘विम’ ह्या नावातील ‘इम’ प्रथम ‘इमिटेशन’चे, म्हणजे अनुकरणाचे, द्योतक होते, पुढे कार्यक्षमता वाढल्यावर तेच ‘इम्प्रूव्हड’चे, म्हणजे सुधारिताचे, द्योतक ठरले. नाव तेच राहिले, अर्थ मात्र पालटला.

विमला किंमत नव्हती. युगांडातील किबाले येथील मुलांस साहाय्य करावे, एवढीच वापरणाऱ्यांस विनंती असे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मोलेनार निवर्तले. तोवर प्रत्येक बदलावर अखेरची मान्यता प्रायः त्यांचीच असे. त्यामुळे कार्य खंडित होण्याचा धोका होता. परंतु मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास व बदलावयास खुली होती. सहकाऱ्यांनी तीच पुढे चालविली आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती प्रसिद्ध करून त्यांच्या स्मृतीस अर्पण केली. एका व्यक्तीचा छंद तिच्या पश्चात टिकला, तो ह्या खुलेपणामुळेच.