ट्रॅक्टरचा जड क्लच : दोष बाहेर की आत ?

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीचे वर्ष रब्बी ज्वारीवर उभे असते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा तिच्या पेरणीचा योग्य काळ होय. उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर काळ्या रानात वाफसा येतो व तो थोडेच दिवस टिकतो. पुढे पावसाचा भरवसा नसल्याने जमिनीत मुरलेल्या ओलीवरच मालदांडी पोसावी लागते. अशा वेळी ट्रॅक्टर बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा उडून गेलेल्या ओलीची हानी मोठी असते.

क्लचचे पेडल जड होणे ही ट्रॅक्टरने आधीच दिलेली सूचना असते. पुष्कळ चालक अधिक जोर लावून पेडल दाबतात व काम रेटतात. दुसरीकडे काही शेतकरी तडक ट्रॅक्टर खोलावयास देतात. खोलण्यापूर्वी दोष बाहेर आहे की आत, हे पाहिल्यास वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

पेडल जड का होते ?

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेट घट्ट दाबून धरतात. पेडल दाबले की सळई, फोर्क व रिलीज बेअरिंग यांच्या द्वारे हा दाब सुटतो. ही सारी तरफांची साखळी आहे. तिच्यातील एखादा सांधा कोरडा पडला, गंजला वा वाकला, की त्याचा भार चालकाच्या पायावर येतो.

काळ्या जमिनीतील चिखल पेडलच्या दांड्याभोवती बसतो आणि वाळल्यावर विटेसारखा कठीण होतो. उन्हाळी नांगरटीचा धुरळा ग्रीसमध्ये मिसळून बुश झिजवितो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धुऊन नंतर ग्रीस न दिल्यास सांध्यांत गंज चढतो.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडलच्या पहिल्या टप्प्यात चाकांची गती तुटते व पुढील टप्प्यात पीटीओची. हा दुसरा टप्पा मुळातच जड असतो. तो दोष मानू नये.

एका पिनेची परीक्षा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. ट्रेलर सोडावा, अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. नंतर पेडलकडून क्लचच्या बाहेरील आर्मकडे जाणाऱ्या सळईची पिन काढावी. सळईची लांबी बदलू नये.

आता मोकळे झालेले पेडल हाताने दाबून पाहावे. केवळ परतीच्या स्प्रिंगेचा ताण जाणवला, तर पेडल निर्दोष आहे. ते अडखळले किंवा सावकाश वर आले, तर दोष बाहेर आहे. त्यानंतर आर्म हाताने हलवावा. बेअरिंग फिंगरांना टेकेपर्यंतची थोडी चाल मोकळी असावी. तेवढ्यातही तो अडकत असेल, तर फोर्कच्या दांड्याचे बुश अथवा बेअरिंग सरकण्याची नळी तपासणे भाग आहे. दोन्ही मोकळे असून सळई जोडताच पेडल जड होत असेल, तर सळई वाकली आहे काय, हे प्रथम पाहावे. ती सरळ असल्यास प्रेशर प्लेट, फिंगर वा बेअरिंग यांचा संशय घ्यावा. पेडल दाबताच घरघर ऐकू येणे हे बेअरिंग खराब झाल्याचे लक्षण होय.

उपाय

बाहेरचा दोष बहुधा शेतावरच दूर होतो. वाळलेला चिखल खरवडावा, दांडा काढून गंज साफ करावा, बुश झिजला असल्यास बदलावा व निपलमधून नवे ग्रीस येईपर्यंत ग्रीसगन चालवावी. झिजलेली पिन व वाकलेली सळई बदलावी. जोडताना नवी स्प्लिट पिन घालावी. शेवटी पेडलची मोकळी चाल मोजावी. ती अनेक ट्रॅक्टरांत २० ते ३० मिलिमीटर असते, तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील माप प्रमाण मानावे.

आतील दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. ट्रॅक्टर खोललाच आहे, तर प्लेट, बेअरिंग, फोर्क व बुश ही सर्व एकाच वेळी तपासावीत. बंदिस्त बेअरिंग डिझेलात धुऊ नये. आत ग्रीस बेताचेच लावावे. ते क्लच प्लेटवर गेल्यास क्लच घसरू लागतो.

शेतकऱ्याच्या मोटारीस वा जीपलाही हीच रीत लागू पडते. केबलच्या क्लचमध्ये तारा उसवलेली केबल बदलणे हाच उपाय होय. द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये पुस्तिकेत सांगितलेलाच द्रव घालावा. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल घातल्यास रबरी वॉशर फुगून पेडल अडकते.

चालकाची सवय

उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस वाढला व ट्रॅक्टरवर वाहतुकीचा भार आला. भरलेले ट्रेलर चढावर अर्ध्या क्लचवर रोखून धरणे, अथवा वाटभर पेडलवर पाय टेकवून बसणे, यांनी बेअरिंग व फिंगर अकाली झिजतात. काम नसताना पाय पेडलवरून खाली ठेवावा.

पोळ्याला बैलांचे खांदे मळण्याची जुनी चाल आहे. त्याच सुमारास ट्रॅक्टरचे पेडल, सळई व बुशही तपासून ठेवावेत. म्हणजे हस्ताचा पाऊस उघडून वाफसा येताच पाभर वेळेवर रानात उतरेल.