पाणी अडविणें आणि पाणी सोडणें

पाणी अडविण्याची गोष्ट निघाली कीं, पाळ किती उंच व पाणी किती सांठणार, एवढेंच आम्ही शेतकरी विचारतों. धरणाचें शास्त्र जाणणारे इंजिनियर मात्र आधीं निराळाच प्रश्न विचारतात: जास्त झालेलें पाणी जाणार कोठून? या प्रश्नाचें मोल पुण्याजवळच्या मुठा खोऱ्यानें आपणांस दोनदां शिकविलें आहे. एकदां लाभानें आणि एकदां हानीनें.

पहिला धडा खडकवासल्याचा. मुठा नदीवरील हें दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलें गेलें. पुण्यास पिण्याचें पाणी व कालव्याखालीं बागायत, असे त्याचे दुहेरी उपयोग होते. पुढें सांठा वाढविण्याची गरज भासूं लागली. सांडवा नुसता उंच करावा, तर पुराचें पाणी तितकेंच वर चढणार आणि भिंतीवर मूळ बेतापेक्षां जास्त दाब येणार. त्या वेळीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसविण्याची युक्ति योजिली. ठराविक पातळीपर्यंत दरवाजे मिटलेले राहात. पाणी तिच्यावर चढलें कीं ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला कीं पुन्हां मिटत. १९०३ सालीं बसविलेल्या या दरवाजांमुळें भिंत न वाढवितां सुमारें ८ फूट जास्त पाणी धरतां आलें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांनीं पाणी वाढविलें, परंतु पुराची वाट अडविली नाहीं.

दुसरा धडा पानशेतचा. आंबी नदीवरील हें धरण मातीच्या भरावाचें. अशा धरणाच्या पोटांत पाणी न झिरपूं देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांस मुरमाड भराव असतो आणि पाण्याकडील उतारावर लाटांच्या माऱ्यापासून रक्षणासाठीं दगड बसवितात. चांगल्या पायावरील दगडी भिंतीवरून पाणी कांहीं काळ वाहिलें, तर ती बहुधा टिकाव धरते. मातीच्या भरावाचें तसें नाहीं. माथ्यावरून वाहणारें पाणी मागील उतार कुरतडतें, लहान घळ मोठी होते आणि कांहीं तासांत सारी पाळ वाहून जाते.

१९६१ च्या पावसाळ्यांत पानशेतचें काम पुरें झालेलें नव्हतें, तरी त्यांत पाणी मात्र भरूं लागलें. पाणी बाहेर सोडण्याची मोरी व तिचे दरवाजे अपुऱ्या अवस्थेंत होते. मोरीवरील भराव खचूं लागला आणि धरणाचा माथा खालीं बसूं लागला. सैनिकांनीं व मजुरांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचलीं, परंतु ता. १२ जुलै रोजीं सकाळीं धरण फुटलें. तो लोंढा खडकवासल्याच्या भिंतीवरून वाहूं लागला आणि त्याच दिवशीं तें जुनें धरणही फुटलें. पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. पुढें दोन्ही धरणें पुन्हां उभारण्यांत आलीं.

हा धोका मोठ्याच धरणांस असतो, असें कोणीं समजूं नये. ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्यांत तिवरे येथील मातीचें लहान धरण फुटलें व सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. धरणास गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनीं पूर्वींच केली होती, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें.

आतां आपल्या शेतांतील तळीं व नाल्यावरील बांध यांकडे वळूं. आम्ही पुष्कळ ठिकाणीं असें पाहतों कीं, भाद्रपदांत सांडव्याच्या तोंडांत दगड व मातीचीं पोतीं रचून हातभर पाणी जास्त धरण्याचा मोह होतो. विश्वेश्वरय्यांनींही जास्त पाणी धरलें. पण त्यांचा दरवाजा पुराबरोबर उघडत असे, आपलीं पोतीं उघडत नाहींत. रात्रीं एखादी मोठी सर आली, तर पाणी पाळीवरूनच जाणार. आणि मग हातभर पाण्याच्या लोभापायीं सारें तळें, खालच्या शेजाऱ्याचें पीक आणि प्रसंगीं त्याचें घरही जाणार.

म्हणून प्रत्येक मालकानें मृगापूर्वीं आपल्या पाळीवरून एक फेरी मारावी. सांडवा भरावावर नसून बाजूच्या घट्ट जमिनींत आहे व त्याचें तोंड मोकळें आहे, हें पाहावें. पाळीचा माथा कोठें खचला असल्यास तेथें माती थराथरानें, ओली करून व धुमसून घालावी. सैल ढिगारा टाकून भागत नाहीं. पाळीवर झाडें वाढूं देऊं नयेत, कारण मुळें कुजलीं कीं पाण्यास आयती वाट मिळते. उंदीर, घुशी व खेंकडे यांचीं बिळें बुजवावीं. पाणी भरल्यावर पाळीच्या पायथ्याशीं थोडा पाझर दिसला, तर तो स्वच्छ आहे कीं गढूळ, हें आधीं पाहावें. स्वच्छ पाझरावर नुसती नजर ठेवावी. गढूळ पाझर म्हणजे पाळीच्या पोटांतील माती वाहूं लागल्याची खूण होय. अशा वेळीं क्षणाचाही विलंब न करितां शक्य त्या मार्गानें पाण्याची पातळी उतरवावी, खालच्या वस्तीस सावध करावें आणि पाटबंधारे खात्याच्या जाणत्या माणसास बोलवावें.

पाणी अडविण्यांत आमचे शेतकरी बंधु आतां चांगलेच तरबेज झाले आहेत. तें वेळीं सोडण्याचें शहाणपणही त्यांनीं तितक्याच आस्थेनें अंगीं बाणवावें, एवढीच आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.