बोरघाट : कातळ फोडणाऱ्यांचा रस्ता

वरळी-परळच्या गिरण्यांत राबायला घाटावरून जी माणसं आली, त्यांतली कित्येक बोरघाट उतरूनच मुंबईला पोचली. आज दादरहून पुण्याची गाडी पकडणाऱ्याला हा घाट आठवतो तो कर्जतच्या वड्यासाठी आणि पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी. या कड्यावर रूळ कुणी चढवले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली होती. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडीही सुरू झाली. मधला डोंगर तेवढा रेल्वेविना चढावा लागे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेली घाटातली वाट जेमतेम २५ किलोमीटरची, पण तेवढ्यात १,८३१ फूट उंची गाठायची होती. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट. मध्ये एके ठिकाणी वळायलाही जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडत आणि मग गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. ही कसरत १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर थांबली.

काम १८५६ मध्ये सुरू झालं. काळा पाषाण हाताने भोकं पाडून, सुरुंगाची दारू ठासून फोडायचा. १८६१ च्या सुमारास इथे ४० हजारांवर मजूर होते. पुरुषांबरोबर बायका आणि मुलंही दगड-माती वाहत. पाणी वाईट, राहायला झोपड्या. पटकीच्या साथींत आणि अपघातांत हजारो माणसं गेली. मजुरीवरून १८५९ च्या जानेवारीत दंगल उसळली, आणि मूळ कंत्राटदार फॅव्हिएल यांनी त्याच वर्षी काम सोडलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले. तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि अनुभवी अभियंत्यांकरवी काम तडीस नेलं. त्या काळात एका बाईने हे करणं ही मोठीच हिंमत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचं उद्घाटन केलं. बर्कली मात्र आदल्याच वर्षी वारले होते.

घाटातल्या जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने दाखवली आणि त्यालाच त्यांनी मारलं, असं लोक सांगतात. गाडीवाले आजही तिथे नाणं टाकतात. एका धनगराची आठवण लोकांनी आपल्या परीने जपली. घाटात मेलेल्या हजारोंची आठवण आता रेल्वेने जपावी. खंडाळा स्थानकात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा, त्या मजुरांच्या नावे एक मराठी फलक लावावा.